हक्कसोडीची साडी

दाखला मागायला नम्रता शाळेत पोचली तेव्हा मुख्याध्यापक चहा घेत होते, आणि चहा घेणाऱ्या मुख्याध्यापकाला काम सांगणं हा पुण्यात जवळजवळ फौजदारी गुन्हाच आहे. ती दाराशी उभी राहिली. कप रिकामा झाला, बशी रिकामी झाली, रुमालाने मिशा पुसून झाल्या, तेव्हा कुठे साहेबांनी मान वर केली आणि पालक कुठे आहेत म्हणून विचारलं. नम्रता म्हणाली, मी एकटीच आलेय, शाळा सोडल्याचा दाखला हवाय, माझाच.

"तुमचाच आहे हो," मुख्याध्यापक म्हणाले. "तुमचा आहे म्हणून तर पालकांच्या सहीशिवाय देत नाही."

तिने सांगितलं की मला अठरा पूर्ण झाली, माझी सही चालणार नाही का? चालेल की, ते म्हणाले, दाखला मिळाला म्हणून पोच लिहून घेऊ तेव्हा तुमचीच सही घेऊ. मग त्यांनी जाडजूड रजिस्टर काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तिचं नाव शोधलं. नम्रता गेनबा शेडगे. गेनबा आहेत का? नाहीत, नम्रता म्हणाली, गेल्या वर्षी वारले. मग घरात कर्ता पुरुष कोण? मोठा भाऊ, महिपती. त्यांना घेऊन या, असं म्हणून त्यांनी रजिस्टर मिटलं. ज्या पानावर तिचं आख्खं बालपण होतं ते पान तिने उलटं, टेबलाच्या अलीकडून, जेमतेम दोन क्षण पाहिलं.

महिपती तिचा भाऊ होता आणि नव्हता. नम्रता अनाथाश्रमातली. सहा वर्षांची असताना सरकारच्या बालसंगोपनाच्या योजनेतून वारज्याच्या गेनबा शेडग्यांनी तिला घरी आणलं. सरकार अशा मुलांच्या खर्चापोटी दरमहा काहीतरी देत असे. काही लोक त्यासाठी मूल आणत, काही लोक मुलासाठी मूल आणत, आणि गेनबा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असावेत. पण माणूस मायाळू होता. तिला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून ते शाळेत घेऊन गेले तेव्हा त्या वेळचे गुरुजी आश्रमाचा कागद हातात धरून अडले, कारण कागदावर बापाचं नावच नव्हतं.

"माजं लावा की," गेनबा म्हणाले होते. "भाकरी म्या घालनार, मग नाव काय दुसऱ्याचं लावता?"

गुरुजींनी लावलं. त्या दिवसापासून तिचं नाव पुरं झालं. आश्रमात नुसतंच नम्रता असलेली पोर नम्रता गेनबा शेडगे झाली, आणि वहीच्या प्रत्येक पानावर ती ते पुरं लिही, शुद्धलेखनाच्या वहीवर, चित्रकलेच्या वहीवर, एकदा तर गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने. गेनबांना ती आबा म्हणे, त्यांच्या बायकोला, सोजरबाईला, आई. महिपती दादा आणि थोरली मैना ताई. घरात कामं तिच्या वाट्याला मैनापेक्षा जास्त आली हे खरं; पण भाकरी गरम मिळाली हेही खरं. दहावीला ती पासष्ट टक्क्यांनी पास झाली, म्हणजे शेडग्यांच्या सगळ्या भावकीत पहिली. आबांनी वाडीभर पेढे वाटले आणि तिथेच शिक्षण संपलं, कारण त्याच पावसाळ्यात आबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं करायला घरात हक्काचं माणूस लागलं. दाखला शाळेतच राहिला. न्यायचा कशाला, जायचंच नव्हतं कुठे.

आबा गेले, तिला अठरा पूर्ण झाली, सरकारचा पैसा थांबला. महिपतीने तिला कोथरूडला एका म्हातारीकडे कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेच्या भाड्यावर, ठेवलं आणि सुंठीवाचून खोकला गेला म्हणून सुटकेचा श्वास टाकला. निघताना ट्रंक उचलून नम्रता म्हणाली, जाते आई. सोजरबाई चुलीपुढून उठून दारापर्यंत आली. "जाते म्हनू न्हाय बाय," ती म्हणाली, "येते म्हनावं." नम्रता म्हणाली, येते. तेवढ्यावर तिने कितीतरी रात्री काढल्या.

कोथरूडात तिला बद्रीनाथ सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये काम मिळालं. हा परभणीकडचा माणूस, स्वतः कॉट बेसिसवर राहून वर आलेला, त्यामुळे दुसऱ्याची ट्रंक बघितली की त्याला कळे. फी घेणं, फोन घेणं, बॅचच्या वेळा सांगणं, एवढं नम्रता करी, आणि उरल्या वेळात रिकाम्या कॉम्प्युटरवर बोटं चालवी. ती बोटं इतक्या लवकर चालायला लागली की सर म्हणाले, अगं, हिंजवडीला कंपन्या माणसं शोधतायत, बारावी झालीस की मी तुझं नाव सुचवतो. बारावीशिवाय गेटवरचा वॉचमन सुद्धा आत सोडत नाही. त्यांनी स्वतः जाऊन रात्रीच्या कॉलेजात तिच्यासाठी अकरावीची जागा धरून ठेवली. मार्कलिस्ट तिच्याकडे होती. दाखला तेवढा आणायचा होता, महिनाअखेरच्या आत.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. नम्रता वारज्याला गेली.

वारजं महापालिकेत येऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिथे आबा ज्वारी पेरत तिथे आता बिल्डरचा बोर्ड होता, आणि बोर्डावर एक गोरं कुटुंब हिरवळीवर हसत बसलं होतं. हायवेपलीकडच्या सगळ्या जमिनींना सोन्याचा भाव आला होता. महिपतीच्या गळ्यात साखळी आली होती, दारात जीप आली होती आणि बोलण्यात 'क्लिअर टायटल' आलं होतं. सोजरबाई दारात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिने नम्रताला बघून सरकून जागा केली, केसांवरून हात फिरवला, वाळलीस म्हणाली. नम्रताने येण्याचं कारण सांगितलं तेव्हा मात्र तिने शेंगांकडे बघितलं. महिपतीला इचार, ती म्हणाली, ह्या घरात कागदाचं तोच बगतो.

महिपतीने विचारायच्या आधीच उत्तर तयार ठेवलं होतं. जमिनीचा व्यवहार ठरला होता, आणि खरेदीदाराच्या वकिलाने गावात चौकशी केली तेव्हा कोणीतरी सांगितलं की गेनबांना मुली दोन. वडिलोपार्जित जमिनीत मुलींनाही वाटा देणारा कायदा येऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे मैनाची सही लागणारच होती. आता दुसरी मुलगी उपटली म्हटल्यावर व्यवहार अडला होता. शाळेच्या रजिस्टरात तूच बसलीस बघ पायात काटा होऊन, महिपती म्हणाला, पण तसं रागाने नाही. तू एका कागदावर सही दे, मी शाळेत सही देतो. फिटंफाट.

नम्रताला काय वाटलं ते सांगितलं तर लोक तिला वेडी म्हणतील. तिला आनंद झाला. कागद म्हणजे हक्कसोड असंच तिने धरलं, आणि हक्कसोड कशाला म्हणतात ते तिला माहीत होतं. गावात रोज कुठली तरी लेक रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडून देई. भाऊ तिला जीपमधून न्यायचा, सही झाली की चांगली साडी घ्यायचा, आणि घरी पुरणपोळीचं जेवण व्हायचं. एक एकर जमिनीच्या बदल्यात एक साडी, असला हा हिशोब. आणि बहिणी तो हसत हसत मान्य करायच्या, कारण माहेर तुटायला नको. नम्रताला एकराचं काही नव्हतं. पण हक्क सोडायला आधी हक्क असावा लागतो. मैनाताईच्या शेजारी बसून सही करायची, तिच्यासारखीच साडी घ्यायची, आईच्या हातची पोळी खायची, आणि सरकारी कागदावर लिहिलेलं राहायचं की गेनबा शेडग्यांच्या दोन मुलींनी आपला हक्क सोडला. हा असला सौदा तर तिने रोज केला असता.

ठरलेल्या दिवशी ती बद्रीनाथ सरांच्या बायकोची इस्त्रीची ओढणी मागून घेऊन शिवाजीनगरला वकिलाच्या ऑफिसात गेली. मैनाताई नव्हती. तिचं रजिस्ट्रारकडचं काम आदल्या दिवशीच उरकलं होतं. वकिलाने तिला बसायला सांगितलं आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. नम्रताने वाचला आणि परत वाचला. तो हक्कसोड नव्हताच. ते प्रतिज्ञापत्र होतं. मी कै. गेनबा शेडगे यांची मुलगी नाही, कधीही नव्हते, त्यांच्या कुटुंबाशी माझे कोणतेही नाते नाही, शाळेच्या रजिस्टरात त्यांचे नाव माझ्या नावापुढे चुकून लागले आहे, ते काढून टाकण्यास माझी हरकत नाही.

तिने विचारलं, हक्कसोड का नाही? वकील समजूतदार माणूस होता. त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की हक्कसोड मुलीकडून घेतात. तुमच्याकडून घेतला तर तुम्ही मुलगी आहात हे आम्हीच मान्य केल्यासारखं होईल.

"चुकून नाही लागलं नाव," नम्रता म्हणाली. "आबांनी लावलं होतं."

"असेल. पण तसं लिहिता येत नाही."

महिपती खिडकीतून खाली जीपकडे बघत होता. नम्रताने त्याच्याकडे बघितलं, तो वळला नाही. उठून निघून जावं, कागदाचे तुकडे करावे, असं मनात आलं. आणि मनात हेही आलं की महिना संपत आलाय, सरांनी धरलेली जागा दुसऱ्याला जाईल, आणि आपण जन्मभर दुसऱ्यांच्या बॅचच्या वेळा सांगत बसू. आबा तर गेले. रजिस्टरात त्यांचं नाव असलं काय, नसलं काय, ते आपले आबा होते, ते कोण काढणार? असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजवायला बसला की काहीही पटवून देतो.

तिने सही केली. नम्रता गेनबा शेडगे, शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरात. वकिलाने ती बघितली आणि च्यक केलं. अहो, तेच तर नाही ना आता, तो म्हणाला. दुसरा कागद टाइप करून आणला, आणि तिने त्याच्यावर नुसतं नम्रता लिहिलं. पुढे किती जागा उरली होती. तेवढी जागा तिने आश्रमातल्या पाटीवर शेवटची बघितली होती.

महिपती शब्दाचा पक्का निघाला, हे मान्य करायला हवं. तो त्याच दुपारी तिला जीपमधून शाळेत घेऊन गेला. मुख्याध्यापकांपुढे त्याने आधी प्रतिज्ञापत्राची प्रत ठेवली, गेनबांचं नाव काढण्याचा अर्ज ठेवला, आणि मग दाखल्याच्या अर्जावर पालक म्हणून सही करायला पेन काढलं. मुख्याध्यापकांनी सगळं शांतपणे वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं. पेन पुढे येताच त्यांनी अर्ज अलगद ओढून घेतला.

"एक सांगा," ते म्हणाले. "शेडगे आपले कोणी नाहीत, असं बाईंनी शपथेवर लिहून दिलंय. मग आपण पालक म्हणून सही कोणत्या नात्याने करताय?"

महिपतीने वकिलाचं नाव घेतलं. मुख्याध्यापक म्हणाले, वकिलांबद्दल मला आदर आहे, त्यांनाच विचारून या. आता हा विषय माझ्या हातात राहिला नाही. नाव खरं की खोटं हे शिक्षणाधिकारी ठरवतील, प्रकरण त्यांच्याकडे पाठवावं लागेल, आणि निर्णय होईपर्यंत या नावाने दाखला देता येणार नाही. दुसऱ्या नावाने तर नाहीच नाही, कारण दुसऱ्या नावाची मुलगी या शाळेत कधी शिकलीच नाही. मग नाव काढण्याच्या अर्जाची पोच लिहून दिली, गोल शिक्का मारला, आणि शिपायाला चहा सांगितला.

बाहेर आल्यावर महिपती म्हणाला, आता मी काय करनार, मी तर आलो हुतो. ते खरंच होतं. त्याचं काम झालं होतं, पोच खिशात होती, टायटल क्लिअर होतं. हिच्या हातातून तेल गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं तेवढं राहिलं.

तरी ती गप्प बसली नाही. ती आश्रमात गेली. तिथल्या नव्या बाईंनी सांगितलं की मुलगी कुटुंबाकडे सोपवली की आमची जबाबदारी संपते, अठरानंतर तर विषयच नाही. ज्यांनी वाढवलं त्यांचंच पत्र आणा. ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेली, तिथे कळलं की प्रकरण अजून शाळेतून निघालेलं नाही. शाळेत कळलं की निघालंय. बद्रीनाथ सर दोन वेळा तिच्याबरोबर आले, एकदा भांडले, परभणीच्या मराठीत भांडले, आणि पुण्यात त्या भांडणाचा काय उपयोग व्हायचा तो झाला. महिना संपला. रात्रीच्या कॉलेजातली जागा दुसऱ्या कोणाला गेली. मार्कलिस्टवरच्या नावाची पोरगी पास होती, पण ती पोरगी कोण हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं.

आणि मग वरातीमागून घोडं आलं. ऑगस्टची उकाड्याची दुपार होती, आणि क्लासच्या जिन्यावर सोजरबाई बसली होती, काखेत कापडी पिशवी, कपाळावर घाम. मैनाकडून तिला सगळं कळलं होतं. ती पोराला न सांगता, दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत कोथरूडला आली होती. चल शाळंत, ती म्हणाली, म्या येते.

शाळा भरली होती, मुख्याध्यापक कामात होते. सोजरबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सांगितलं की मी हिची आई, कुठं अंगठा लावायचा ते दावा. जमिनीच्या कागदावर लावलाय, हितं बी लावते.

मुख्याध्यापकांनी पहिल्यांदाच चष्मा काढून टेबलावर ठेवला. आई, ते म्हणाले, आणि त्या माणसाला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. मग त्यांनी जे सांगितलं ते नम्रता कधी विसरणार नव्हती. आईचा अंगठा चालला असता. पहिल्या दिवशी चालला असता, उभ्या उभ्या दाखला दिला असता.

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?" नम्रताने विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत. वडील नाहीत म्हणालात, म्हणून मी घरातला पुरुष विचारला."

तिनेही विचारलं नव्हतं, हे खरं होतं. शिकलेल्या मुख्याध्यापकाला सुचलं नाही, बारा भानगडी केलेल्या महिपतीला सुचलं नाही, वकिलाने बहुतेक जाणूनबुजून सुचू दिलं नाही, आणि दहावीला पासष्ट टक्के मिळवलेल्या नम्रतालाही सुचलं नाही की जिच्या मांडीशी पावट्याच्या शेंगा पडल्या होत्या, तिच्या अंगठ्यात सगळं होतं. शाई लावायची तेवढीच खोटी होती. बाई घरात असते, ती पोळ्या करते, ती कोणाच्या कागदावर नसते, हे सगळ्यांना इतकं पाठ होतं की त्यात तपासण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटलं नाही. आणि आता? आता नाही चालणार, मुख्याध्यापक म्हणाले. या बाईंनीच लिहून दिलंय ना, की शेडगे घरातलं कोणी त्यांचं नाही. तुम्हीही त्यात आलात.

सोजरबाईला ते नीट कळलं नाही. ती टेबलावर शाईचा पॅड शोधत होती. नम्रताने तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

बसस्टॉपवर सावली नव्हती. सोजरबाई म्हणाली की त्या दिवशी तू आलीस तवाच मला म्हनायचं हुतं, म्या येते म्हनून. पर महिपती घरात हुता. पोराच्या म्होरं तोंड उघडायचं म्हंजी त्याला राग. त्या दिवशी आईला माहीत होतं, किंवा निदान वाटलं होतं, आणि ती शेंगा सोलत राहिली, एवढंच नम्रताला ऐकू आलं. आबांच्या आजारपणात दोन वर्षं तिने त्यांचं सगळं केलं होतं, तेव्हा याच बाईने तिला पोटची लेक म्हटलं होतं. पोटच्या पोरापुढे मात्र ते एकदाही म्हणवलं नाही.

सोजरबाईने पिशवीत हात घातला आणि साडी काढली. हिरवी, बारीक जरीच्या काठाची, मंडईजवळच्या दुकानाच्या पिशवीतली. मैनाला सहीची साडी घेतली तवाच तुज्यासाटी बी घेतली, ती म्हणाली, महिपतीला ठाव न्हाय. नम्रताने साडी हातात घेतली. तिने ज्या साडीची स्वप्नं बघितली होती ती हीच असावी, रंगसुद्धा तोच. अंगावर धरली असती तर आई म्हणाली असती, शोभून दिसती. तिने ती घडी न मोडता पिशवीत परत ठेवली आणि पिशवीचे बंद नीट ओढले.

"लेकीला देतात ही," ती म्हणाली. "मी तसं नसल्याचं लिहून दिलंय."

कोथरूड डेपोची बस आली. सोजरबाई रडत होती, पदराने नाही, हाताच्या मागच्या बाजूने, शेतात घाम पुसावा तशी. नम्रताला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. वाटलं, आणि तिने घेतलं नाही. ती बसच्या पायरीवर चढली, दांडा धरला आणि वळली.

"जाते, सोजरबाई," ती म्हणाली.

सोजरबाईने तोंड उघडलं, पण तेवढ्यात कंडक्टरने घंटी ओढली.